आंदणातली मुंबई आणि राणीची रिकामी ओटी

मुंबई हे पोर्तुगीजांनी इंग्रजांना दिलेले आंदण, ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. १६६१ साली लग्नाचा करार झाला, १६६५ मध्ये बेट प्रत्यक्ष ताब्यात आले, आणि १६६८ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरात टाकले. दहा पौंडांचा हा आकडा ऐकून आपण हसतो, आणि आजच्या मलबार हिलच्या भावाशी त्याची तुलना करून आणखी हसतो. पण ज्या मुलीबरोबर हे आंदण गेले, तिचे पुढे काय झाले? आमच्या क्रमिक पुस्तकांत तिला एक वाक्य मिळाले होते, आणि त्या वाक्यातही कर्ता ती नव्हती; बेट होते.

या नवरीचे नाव कॅथरिन. घराणे ब्रागांझा. १६६२ च्या मे महिन्यात पोर्ट्समथ येथे तिचे लग्न लागले, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. बरोबर मुंबई होती, आफ्रिकेच्या टोकावरचे टँजियर होते आणि वीस लाख क्रुझादोंचे वचन होते. एवढ्या मोबदल्यात सासरच्यांना तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. ती म्हणजे मुलगा.

आता या सासरची तऱ्हा पाहा. लग्नाला महिना होतो न होतो, तोच राजाची रखेली बार्बरा पामर हिला मुलगा झाला. पुढेही राजाची अशी संतती वाढतच गेली. त्याने उघडपणे आपली म्हणून मान्य केलेली मुले डझनभर तरी होती. त्यामुळे दोष कोणाचा, हा प्रश्न दरबारात कोणी विचारलाच नाही. विचारायचे कारणच उरले नव्हते! राजाचे प्रमाणपत्र पाळण्यात रडत होते. तेव्हा उणेपण राणीचेच ठरले.

लग्नाला वर्ष उलटले तोच वैद्यांनी तिला पाण्यावर पाठवले. १६६३ च्या उन्हाळ्यात ती टनब्रिज वेल्सला गेली. तेथे लोहाच्या चवीचे तांबूस पाणी झऱ्यातून निघते. ते सकाळी पेल्यापेल्याने प्यायचे. पुढे ती बाथला गेली. तेथे जमिनीतून कढत पाणी वर येते. त्यात छातीपर्यंत बुडून बसायचे. यामागे त्या काळच्या वैद्यकाचा एक हिशेब होता. देहात चार रस असतात, आणि ज्या स्त्रीचा गर्भाशय थंड व ओला, तिथे बीज रुजत नाही, असा तो हिशेब. थंडीवर उतारा म्हणून ऊब. आपल्या वात-पित्त-कफाच्या घराण्यातलाच हा चुलत भाऊ म्हणायला हरकत नाही. लोहाच्या पाण्याने एखाद्या अशक्त, पांढुरक्या बाईला खरोखर तरतरी येत असेल, हेही मी नाकारणार नाही.

पाण्याहून परत आल्यावर, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राणीला जबर ताप आला. अंगावर ठिपके उठले, आशा सुटली, अंतिम संस्कारही झाले. त्या तापाच्या ग्लानीत ती काय बोलत होती, याच्या दरबारी बातम्या सॅम्युएल पेपिस नावाच्या नोकरशहाने आपल्या रोजनिशीत टिपून ठेवल्या आहेत. तिला वाटत होते की आपण बाळंत झालो आहोत. मुलगा झाला, पण तो कुरूप आहे, म्हणून ती कष्टी होती. उशाशी बसलेल्या राजाने तिला सांगितले की नाही, मुलगा देखणा आहे. तेव्हा ती म्हणाली, तुमच्यासारखा असेल तर देखणाच असणार. शुद्धीच्या काठावर आल्यावरही तिचा पहिला प्रश्न होता, मुले कशी आहेत? राजा त्या वेळी रडला, असेही सांगतात. या राजाविषयी माझे मत फारसे चांगले नाही. पण या एका रात्रीपुरते मी ते बाजूला ठेवतो.

राणी बरी झाली. ती वांझ नव्हती. १६६६, १६६८ आणि १६६९ या साली तिचे गर्भपात झाल्याच्या नोंदी आहेत. पण दरबाराच्या वहीत गर्भपात जमेला धरीत नाहीत. तिला सोडून दुसरी राणी करा, असा घोशा मंत्र्यांनी राजामागे लावला. तो मात्र त्याने अखेरपर्यंत मानला नाही.

कोणी म्हणेल, ही राणी कुठे परदेशी गेली? बाथ तर तिच्याच राज्यात. खरे आहे, परंतु पाणी देशी असले तरी राणी परदेशी होती. लिस्बनहून निघालेली ही मुलगी एका गर्भासाठीच समुद्र ओलांडून आली होती, आणि पाण्याच्या वाऱ्या हा त्याच प्रवासाचा शेवटचा टप्पा होता.

असा प्रवास तिने प्रथम केला असेही नाही. ग्रीस देशात एपिदौरस येथे अस्क्लेपिअस या वैद्यदेवतेचे मोठे स्थान होते. आपल्या धन्वंतरीचा हा यवन भाईबंद. तेथे देवाला आलेल्या गुणांच्या कथा शिळांवर कोरून ठेवल्या होत्या. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या या शिळा आज वाचता येतात, आणि त्यांत संततीसाठी आलेल्या कितीतरी बायका भेटतात. कोणी एपायरसची, कोणी केऑस बेटावरची, कोणी मेसीनची. त्या काळी ग्रीसमध्ये प्रत्येक नगर हे एक स्वतंत्र राज्य. तेव्हा या साऱ्या जणी शब्दशः परराज्यातून आलेल्या. उपचार असा की देवळाच्या एका खास सोप्यात रात्री निजायचे आणि स्वप्नात देवाची वाट पाहायची.

पेलीनीहून आलेली इथमोनिका तिथे निजली. आपल्याला मुलगी राहावी, असे तिने स्वप्नात मागितले. देव म्हणाला, राहील. आणखी काही हवे आहे का? ती म्हणाली, आणखी काही नको. दिवस गेले. नऊ महिने झाले, वर्ष झाले, तीन वर्षे झाली, तरी बाळंतपणाचे नाव नाही! बिचारी तशीच जड अंगाने पुन्हा देवाच्या दारी आली. देवाने स्वप्नात येऊन सांगितले, तू गर्भ मागितलास, तो दिला. बाळंतपणाविषयी तू कुठे बोललीस? मी तर विचारलेही होते. पण आता मागतेस तर तेही देतो. ती घाईने आवाराबाहेर आली आणि तिथेच तिला मुलगी झाली. आमच्या सावित्रीने यमाला शब्दात पकडले. इथे देवाने बाईला शब्दात पकडले, एवढाच काय तो फरक. मात्र ही कथा कोरणाऱ्याने एक गोष्ट अजाणता सांगून ठेवली आहे: इथमोनिकेला तोच रस्ता दोनदा तुडवावा लागला. शिळेवर तिच्या नवऱ्याचे नावही नाही.

नवराही बरोबर गेला, असे उदाहरण हवे असेल तर फ्रान्समध्ये जावे लागते. स्पेनची राजकन्या अ‍ॅन ही १६१५ मध्ये तेराव्या लुईची राणी झाली. अठरा वर्षे लोटली तरी पाळणा हलला नाही. १६३३ मध्ये राजा, राणी आणि मुख्य प्रधान कार्डिनल रिशल्यू असे तिघेही नॉर्मंडीतल्या फॉर्ज या गावी लोहाचे पाणी प्यायला गेले. तिथल्या तीन झऱ्यांना पुढे राजाचा, राणीचा आणि कार्डिनलचा झरा अशी नावे पडली. एका पाळण्यासाठी तीन झरे, आणि त्यांतला एक ब्रह्मचारी प्रधानाचा! पुढे १६३८ मध्ये मुलगा झाला. हाच तो चौदावा लुई. पाण्यानंतर पाच वर्षांनी झालेल्या मुलाचे श्रेयही झऱ्याने घेतले. आपल्याकडच्या नवसाच्या देवांचा हिशेब काही निराळा नसतो.

पण पाण्याच्या प्रवासाने खुद्द राज्य उलथल्याची हकीकत इंग्लंडातच घडली, आणि तीत आपल्या मुंबईच्या राणीला पुन्हा एकदा रंगमंचावर यावे लागले.

चार्ल्स १६८५ मध्ये वारला. गादीवर त्याचा भाऊ दुसरा जेम्स आला. हा कॅथलिक, आणि त्याची दुसरी बायको मेरी ही इटलीतल्या मोडेनाची, तीही कॅथलिक. पंधराव्या वर्षी ती या घरात आली होती. तिची मुले एकामागून एक लहानपणीच दगावली. प्रॉटेस्टंट प्रजेने मनाशी हिशेब मांडला होता की राजा म्हातारा, मुलगा नाही, तेव्हा गादी पहिल्या बायकोच्या प्रॉटेस्टंट मुलींकडे जाईल. थोडा धीर धरू. १६८७ च्या उन्हाळ्याअखेर मेरी बाथच्या कढत पाण्यात उतरली. राजा वेल्समधल्या होलीवेल या पवित्र झऱ्यावर मुलासाठी प्रार्थना करून आला. वर्षअखेर राणीला दिवस गेल्याची बातमी फुटली, आणि १० जून १६८८ रोजी मुलगा झाला.

प्रजेचा धीर सुटला. मुलगा राणीचा नव्हेच, अशी आवई उठली. अंथरूण गरम करण्यासाठी निखारे भरून ठेवायचे झाकणाचे एक लांब दांड्याचे भांडे असे. त्या भांड्यातून कोणाचे तरी पोर बाळंतिणीच्या खोलीत आणले, असे लोक छातीठोकपणे सांगू लागले. जूनच्या ३० तारखेला सात बड्या मंडळींनी हॉलंडच्या विल्यमला गुप्त पत्र धाडून बोलावणे केले. त्यातही या मुलाविषयीची शंका होतीच. बिचाऱ्या राजाने ऑक्टोबरात सभा भरवली आणि बाळंतपणाच्या वेळी हजर असलेल्या चाळीसावर माणसांच्या साक्षी घेतल्या. एका बाईच्या प्रसूतीचे असे जाहीर पंचनामे इतिहासात फार नसतील.

या साक्षीदारांत विधवा राणी कॅथरिन होती. मूल होईपर्यंत आपण ती खोली सोडली नव्हती, असे तिने सांगितले. जिची स्वतःची बाळे फक्त तापाच्या ग्लानीत जन्मली, तिला दुसरीच्या बाळाच्या जन्माची शपथेवर साक्ष द्यावी लागली. तिच्या मनात त्या वेळी काय आले असेल, हे कोणत्याही दप्तरात सापडायचे नाही.

साक्षीचा उपयोग झाला नाही. नोव्हेंबरच्या ५ तारखेला विल्यम इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला आणि डिसेंबरात जेम्स फ्रान्सला पळाला. तान्हा राजपुत्रही परदेशीच वाढला. बाथच्या कुंडात मेरीच्या पुत्रप्राप्तीप्रीत्यर्थ त्याच वर्षी एक संगमरवरी स्तंभ उभा राहिला होता. कॅथरिन १६९२ मध्ये माहेरी निघाली, आणि १७०५ मध्ये वारण्यापूर्वी तिने भावासाठी पोर्तुगालचा कारभार थोडा काळ हाकला. तो तिने चांगला हाकला, असे म्हणतात.

मधली अडीच-तीनशे वर्षे मी एका उडीत ओलांडतो. पाण्याची जागा हळूहळू काचेने घेतली. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडातल्या ओल्डहॅम गावी लुईझ ब्राऊन ही मुलगी जन्मली. स्त्रीबीज देहाबाहेर काढून, काचेच्या बशीत फळवून पुन्हा गर्भाशयात ठेवण्याची ही विद्या रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांनी सिद्ध केली. तिची आई ब्रिस्टलची. म्हणजे तिलाही प्रवास चुकला नाही. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्याला डॉक्टर सुभाष मुखोपाध्याय यांच्या हातून दुर्गा जन्मली. सरकारने या माणसावर विश्वास ठेवला नाही, त्याला परदेशी जाऊन आपले काम सांगू दिले नाही, आणि १९८१ मध्ये त्याने आत्महत्या केली. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात डॉक्टर इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षाचा जन्म झाला. आंदणातल्या बेटावर ही विद्या अशी आली.

१९९२ मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट साधली. पुरुषाचा एकच शुक्राणू सूक्ष्म सुईने उचलून थेट स्त्रीबीजात सोडायचा. दोष पुरुषाकडे असेल तर त्यावर हा खरा इलाज. इथमोनिकेपासून मेरीपर्यंत बायका झऱ्यात भिजत होत्या, देवळात निजत होत्या. आणि नवऱ्याच्या उणिवेकडे नीट बघायला विसावे शतक संपत यावे लागले! जोडपी ब्रुसेल्सकडे धावू लागली, यात नवल नाही.

तोवर प्रवासाचे कारण जुनेच होते: जिथे गुण येतो तिथे जायचे. पण याच सुमारास एक नवे कारण जन्माला आले. विद्या सगळीकडे सारखी होऊ लागली आणि कायदे मात्र देशोदेशी वेगळे झाले. १९९० मध्ये जर्मनीने भ्रूणरक्षणाचा कायदा केला. त्याने दुसऱ्या स्त्रीचे बीज वापरणे डॉक्टरांना गुन्हा ठरवले. स्पेनने १९८८ मध्येच ते मोकळे केले होते. इटलीने २००४ मध्ये परक्या बीजाचे सगळेच मार्ग बंद केले, आणि दहा वर्षांनी तिथल्या घटना-न्यायालयाने ती बंदी मोडून काढली. इंग्लंडात एका विधवेला मृत पतीच्या साठवलेल्या बीजापासून मूल हवे होते. पतीची लेखी संमती नाही म्हणून तिथे मनाई झाली. १९९७ मध्ये अपील न्यायालयाने ते बीज बेल्जियमला नेण्याची वाट मोकळी केली, आणि पुढच्या वर्षी तिला मुलगा झाला. समुद्राच्या एका काठावर जे बेकायदा, ते दुसऱ्या काठावर बारसे!

२०१० मध्ये युरोपातल्या सहा देशांतल्या ४६ दवाखान्यांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. परदेशातून आलेल्या १२३० बायकांनी त्यात उत्तरे लिहून दिली होती, आणि त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश इटलीच्या होत्या. इटलीत तेव्हा बंदी जोरात होती.

माझी एक भाची नवऱ्याबरोबर म्युनिकला असते. तिथल्या डॉक्टरने तिला सांगितले की तुमचे स्वतःचे बीज आता उपयोगी पडणार नाही. आणि याहून पुढे तो काही बोलेना. ती दोघे आगगाडीने प्रागला गेली. चेक देशात दुसरीचे बीज कायद्याने मिळते, मात्र देणारी कोण हे कळत नाही. परत आल्यावर ती मला फोनवर म्हणाली, "मामा, सीमा केव्हा ओलांडली तेसुद्धा कळलं नाही. बाहेर तीच झाडं, तीच शेतं. पण अलीकडे माझा डॉक्टर गप्प, आणि पलीकडे सगळे हसून बोलतायत. मी काही चोरी केली का रे?" मी तिला नाही म्हणून सांगितले. जर्मन कायदाही बाईला शिक्षा करीत नाही, डॉक्टरला करतो, हेही सांगितले. पण ही कायद्याची माहिती तिला नको होती, हे मला कळत होते. ज्या अनोळखी मुलीने आपल्याला बीज दिले, तिला निदान साडीचोळी करता आली असती तर बरे झाले असते, असे ती नंतर म्हणाली.

आता उलटी वाट. २००२ नंतर आपल्याकडे मोबदला घेऊन गर्भ वाढवून देण्याच्या व्यवहाराला वाव मिळाला, आणि परदेशी जोडपी भारतात येऊ लागली. दुधासाठी प्रसिद्ध असलेले गुजरातेतले आणंद या नव्या कारणासाठीही जगभर गाजले. आजवरच्या प्रवासात वाट तुडवणारी आणि गर्भ वाहणारी बाई एकच असे. इथे त्या दोन झाल्या. एक विमानाने येई आणि जाई. दुसरी नऊ महिने घरदार सोडून, दुसऱ्या बायकांबरोबर एका वसतिगृहात राही. मिळालेल्या पैशांतून कोणी घर बांधले, कोणी मुलांच्या शाळेची सोय केली. हे पैसे तिने कष्टाने मिळवलेले होते आणि त्यांना नाक मुरडण्याचा अधिकार पोट भरलेल्यांना नाही, असे मला वाटते. पण तिच्या जिवाला धोका झाला तर काय, याचे उत्तर करारात बहुधा बारीक अक्षरात असे, आणि तेही इंग्रजीत.

२००८ मध्ये या व्यवहारातली फट उघडी पडली. एका जपानी जोडप्यासाठी आणंदला मुलगी जन्मली. पण जन्माआधीच त्या जोडप्याचा घटस्फोट झाला होता. जपानचा कायदा जन्म देणारीलाच आई मानतो. भारताचा कायदा एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेऊ देत नाही. मग हे बाळ कोणत्या देशाचे? शेवटी जपानहून म्हातारी आजी आली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि काही महिन्यांनी आजी नातीला घेऊन घरी गेली. आई होण्यासाठी माणसे देश ओलांडतात, हे आपण पाहिले. इथे आजीला ओलांडावा लागला.

२०१५ च्या अखेरीस सरकारने परदेशी जोडप्यांना हे दार बंद केले. २०२१ च्या कायद्याने, जो जानेवारी २०२२ पासून अमलात आला, पैशाचा व्यवहारच थांबवला. आता इस्पितळाचा खर्च आणि विमा एवढेच देता येते. तोवर हा धंदा थायलंड, नेपाळ, कंबोडिया असा हिंडून आला होता. नेपाळात १५ च्या एप्रिलात भूकंप झाला, तेव्हा इस्राएलने विमाने पाठवून आपल्या नागरिकांसाठी जन्मलेली तान्ही बाळे उचलून नेली. त्यांना पोटात वाढवणाऱ्या बायकांत भारतातून तिकडे गेलेल्याही होत्या.

आणि आता कायद्यानेच प्रवासाला निघायचे ठरवलेले दिसते. तुर्कस्तानाने २०१० मध्ये, परदेशी जाऊन परके बीज घेण्यावरही आपल्या नागरिकांना बंदी घातली. ऑक्टोबर २०२४ मध्ये इटलीच्या संसदेने ठरवले की इटलीच्या नागरिकाने जगात कोठेही दुसरीच्या उदरातून मूल मिळवले, ते त्या देशात अगदी कायदेशीर असले, तरी इटलीत तो गुन्हा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, आणि दंड दहा लाख युरोंपर्यंत. विमानतळावर उतरणाऱ्या जोडप्याच्या कडेवर तान्हे मूल दिसले तर अधिकारी त्यांना नेमके काय विचारणार, हे त्या कायद्यात लिहिलेले नाही.